आईची संकष्टी आणि शुगर

आईला डायबेटिस आहे, पण संकष्टी काही सुटत नाही. दुपारी ताटलीभर साबुदाण्याची खिचडी, मग थेट चंद्रोदयाला जेवण. "गोड कुठे खाल्लं मी?" हा तिचा युक्तिवाद. अहो, पण १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमहून जास्त कार्बोहायड्रेट असतं, प्रोटीन नावाला. शुगर चढणारच! उलट काही गोळ्या चालू असताना फार वेळ उपाशी राहिलं, तर ती धोकादायक खाली येते.

म्हणून गोळीचं डॉक्टरांना विचारलं आणि ताट बदललं. राजगिऱ्याची एक छोटी भाकरी, शेंगदाण्याची आमटी, काकडी, दही. राजगिऱ्यात प्रोटीन आणि फायबर दोन्ही जास्त, पण तोही मापातच. संध्याकाळी ताक. उपास शाबूत!

मोदकांवर मात्र वाटाघाटी चालू आहेत. असो.