खड्याएवढी काळजी

गाडी घेऊन जेमतेम चार महिने झाले. परवा पेडण्याहून डिचोलीला निघालो. कोलवाळचा पूल ओलांडला, थिवी मागे पडली आणि अस्नोड्याच्या अलीकडे गतिरोधकावर डावीकडून 'कट्' असा आवाज आला. पुढच्या वळणावर पत्रा घासल्यासारखी किरकिर सुरू झाली. गाणी बंद केली, काचा खाली घेतल्या. सगळा जीव कानात गोळा झाला. जुन्या गाडीची खडखड अंगवळणी पडते. नवी गाडी कण्हली की काळजात चर्र होतं.

सर्व्हिस सेंटरमध्ये नेली, तर आवाज गप्प. "नवीन आहे, बसेल हळूहळू," एवढंच ऐकून परतलो. मन मात्र शांत होईना. मग वहीत टिपत गेलो: वेग किती, ब्रेक दाबल्यावर की स्टिअरिंग वळवल्यावर, गाडी गार असताना की तापल्यावर.

आज डिचोलीतल्या एका जाणत्या मेकॅनिकला शेजारी बसवून फेरी मारली. त्याने चाक उतरवलं. ब्रेकची डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांच्यात वाटाण्याएवढा तांबडा खडा अडकला होता. खाणींच्या या तालुक्यात असे खडे रस्त्यावर जागोजागी. 'कट्' आवाज स्टॅबिलायझर बारच्या सैल लिंकचा होता. "हे वॉरंटीत बदलून मागा," तो म्हणाला.

येताना खडा खिशात घातला. आता तो वहीवर ठेवलाय. यंत्र असो की माणूस, पहिली कुरकुर वेळीच नीट ऐकून घ्यावी.