रंगाची शिल्लक

मोटारीच्या पत्र्यावरचा रंग डोळ्यांना एकसंध दिसत असला, तरी तो एकावर एक चढवलेल्या थरांचा बनलेला असतो, आणि दिसणारा दोष त्यांपैकी नेमक्या कोणत्या थरात आहे हे ठरवण्यापूर्वी हाती घेतलेली दुरुस्ती पुष्कळदा नव्या दोषाला जन्म देते. आजच्या कारखान्यात मोटारीचा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या प्रवाहाने त्यावर गंजरोधक थर बसवतात. त्यावर पृष्ठभाग समतल करणारा प्रायमर, त्यावर रंगछटा देणारा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट येतो. या सर्वांची मिळून जाडी साधारणपणे १०० ते १२० मायक्रॉन, म्हणजे जेमतेम एक दशांश मिलिमीटर भरते, आणि त्यातला ४० मायक्रॉनच्या आसपासचा वरचा थर हीच काय ती चकाकीची पुंजी असते. ही पुंजी कशी साठवली जाते आणि कशी उधळली जाते, हे पुण्यातल्या एका पिढीच्या आयुष्यालगत ठेवून पाहिले, तर रंगाच्या दोषांकडे पाहण्याची माणसाची नजरच कशी बदलत गेली ते स्पष्ट होते.

१९६६ हे वर्ष पुण्याच्या मोटार-इतिहासात महत्त्वाचे आहे, कारण त्याच वर्षी पिंपरीच्या परिसरात टाटांच्या टेल्कोचा प्रकल्प उभा राहिला आणि वाहनांच्या चाचणी-संशोधनासाठी ‘एआरएआय’ ही संस्थाही स्थापन झाली. त्या सुमारास जन्मलेल्या पुणेकराच्या बालपणी मोटार मिळण्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे आणि दारात आलेली फियाट किंवा अॅम्बॅसडर एखाद्या वडीलधाऱ्यासारखी सांभाळली जाई. त्या गाड्यांच्या रंगावर स्वतंत्र पारदर्शक थर नसे. रंगद्रव्य आणि चकाकी एकाच थरात नांदत. उन्हाने वरची राळ झिजली की रंगद्रव्य मोकळे पडून पृष्ठभाग खडूसारखा पांढुरका होई, आणि खंडेनवमीच्या आदल्या दिवशी रबिंग पॉलिशने तो घासला की फडक्यावर गाडीचाच रंग उतरे. झेंडूचा हार आणि कुंकवाचे स्वस्तिक लेवून गाडी दसऱ्याला नव्यासारखी दिसे. मात्र दर सणाला तिचा एक सूक्ष्म पापुद्रा कायमचा गेलेला असे.

पूर्ण रंगकाम निघाले, की गाडी पेठेतल्या एखाद्या गॅरेजमध्ये जाई आणि तिथे ‘ड्यूको’ हा शब्द हटकून ऐकू येई. हे मूळचे ड्यूपाँट कंपनीच्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचे व्यापारी नाव; १९२३ मध्ये अमेरिकेत ओकलंड मोटारींवर हे लॅकर वापरले गेले आणि कित्येक आठवडे चालणारे रंग वाळवण्याचे काम फार थोड्या वेळावर आले. पुण्याच्या पावसाळ्यात मात्र हेच लवकर वाळणे अंगाशी येई, कारण थिनर झपाट्याने उडून जाताना पृष्ठभाग थंड पडतो, दमट हवेतली वाफ त्यावर साचते आणि ताज्या रंगावर दुधी झाक चढते. स्प्रे गन लांब धरली किंवा रंग घट्ट राहिला तर थेंब एकमेकांत मिसळण्याआधीच आवळतात आणि संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा येतो. गन फार जवळ नेली किंवा हात एका जागी रेंगाळला तर ओघळ येतात. पत्र्यावर तेलाचा किंवा सिलिकॉनयुक्त पॉलिशचा अंश राहिला तर रंग तिथून मागे सरून माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात.

सर्वांत फसवा दोष पोचा भरून काढलेल्या जागी आढळतो. पत्रा ठोकून सरळ केल्यावर उरलेला खळगा लांबीने, म्हणजे घट्ट भरावाने, बुजवतात आणि पाणी लावून घासतात. ते पाणी पुरते वाळू न देता वर रंग मारला, तर आत अडकलेला ओलावा काही महिन्यांनी फोडांच्या रूपाने वर येतो. फोड रंगाला आलेला दिसतो, पण चूक त्याच्या दोन थर खाली झालेली असते. त्यामुळे फोड घासून वरून नवा हात मारणाऱ्याला पुढच्या वर्षी तिथेच फोड सापडतो. रंगाच्या विद्येचा हा पहिला धडा आहे, आणि तो शिकलेला माणूस दोष पाहताच घासकागद उचलत नाही.

१९९८ च्या अखेरीस टाटांची इंडिका आली आणि पुण्यात घडलेली मोटार मध्यमवर्गीयांच्या दारात उभी राहू लागली. धातूच्या कणांनी चमकणारे रंग आणि त्यांच्यावरचे पारदर्शक आवरण एव्हाना घरोघरी पोचले, आणि त्याबरोबर दोषांची जातही बदलली. वाघोली-मोशीकडच्या खाणींतल्या आणि चालू बांधकामांवरच्या धुळीत क्लिअर कोटपेक्षा कठीण खनिजकण असतात; सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसली की तेच कण घासकागदाचे काम करतात, आणि उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे उमटतात. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे थेंब सुकून पांढरी वलये उरतात. पक्ष्यांच्या विष्ठेचा प्रकार याहून वाईट, कारण तापून मऊ झालेला थर तिच्याभोवती पुन्हा आकसताना खोल व्रण पडतो. एक्स्प्रेसवेवर उडालेली खडी तर कधी कधी थेट पत्रा उघडा पाडते.

निदानाची जुनी साधने मात्र अजूनही पुरतात. अनुभवी कारागीर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब दारावर तिरपे पाडून ते कुठे मोडते ते पाहतो, चऱ्यावरून नख आडवे फिरवतो आणि मग ओले बोट त्यावर टेकवतो. पाण्याने चरा दिसेनासा झाला तर तो पारदर्शक थरातच आहे आणि पॉलिशने जाईल. नख अडले तर तो बहुधा खोल आहे, आणि तळाशी पांढुरका प्रायमर दिसला तर नवा रंग भरण्यावाचून उपाय नाही. लोहचुंबक एखाद्या जागी सैल धरू लागले, तर तिथे लांबीचा जाड थर दडलेला असतो. उथळ चऱ्यांसाठी २००० किंवा ३००० नंबरच्या वॉटर पेपरचा हलका हात, मग कंपाउंड आणि बफिंग, हा क्रम ठरलेला आहे. परंतु चरा भरून येत नसतो, तर त्याच्या आजूबाजूचा थर त्याच्या पातळीपर्यंत खाली आणला जातो, हे त्यातले मर्म विसरता कामा नये.

म्हणूनच चकाकी ही मिळवायची वस्तू नसून शिलकीतून काढायची रक्कम आहे. लहानपणी खंडेनवमीला फडक्यावरचा रंग पाहून हरखलेल्या त्या पुणेकराला साठी ओलांडल्यावर कारागिराचा एक सल्ला पटतो: खोल चरा पूर्ण घालवू नये, त्याच्या कडा मऊ कराव्यात, उघडा पडलेला पत्रा रंगाच्या टिपक्याने झाकावा आणि उरलेला थर पुढच्या उन्हाळ्यांसाठी राखावा. दाराच्या मुठीखाली मग एक अंधुक रेघ उरते. तिच्याखाली गंज धरत नाही आणि तिच्याभोवती रंगाची जाडी शाबूत राहते. चांगल्या दुरुस्तीने एवढे साधले की तिथेच हात थांबवावा.