तापल्यावरचं दुखणं

साखरपा मागे टाकून आंबा घाट चढताना इंजिन एकाएकी बंद पडलं. खडखड नाही, धक्का नाही. गाडी कडेला घेतली. किल्ली फिरवली की स्टार्टर जोमाने फिरायचा, म्हणजे बॅटरी ठीक. ती उतरली असती तर नुसती टकटक ऐकू आली असती. किल्ली अर्धी फिरवून कान दिला. मागच्या सीटखालून पेट्रोल पंपाची क्षणभर बारीक घरघर आली. मग संशय ठिणगीवर. ती कधी पाडायची, हे क्रँकशाफ्टजवळच्या एका छोट्याशा सेन्सरवर ठरतं. हा सेन्सर जुना झाला की तापल्यावर कधी कधी मुका होतो आणि निवला की पुन्हा बोलू लागतो.

तसंच असावं. बऱ्याच वेळाने गाडी काही घडलंच नाही अशी सुरू झाली.

गॅरेजमध्ये पंचाईत. डॉक्टरांसमोर बसल्यावर पोटदुखी थांबावी, तसं तिचं. "आता तर मस्त चालतीये की," मिस्त्री म्हणाला. मला उगाच ओशाळल्यासारखं झालं. त्रास खरा होता, दाखवायला मात्र हातात काही नव्हतं.

आई काही संध्याकाळी अशीच गप्प व्हायची. सकाळी पोहे परतताना गुणगुणत असायची. आदल्या दिवशी काय झालं होतं, हे त्या गुणगुणण्यातून कधी कळलं नाही.

"ठेवून जा, तापवून बघतो," मिस्त्री म्हणाला. सेन्सर बदलायचा की नुसता त्याचा कनेक्टर, ते अजून ठरायचंय.