निम्मं निम्मं

माझा निम्म्यावर फार विश्वास आहे. बी. कॉम.चा तीन वर्षांचा अभ्यासक्रम मी चार वर्षांत पुरा केला आणि त्यातून एकच गोष्ट डोक्यात पक्की बसली : जमेची बाजू आणि नाव्याची बाजू सारखी आली की माणसाला रात्री शांत झोप लागते. पुढे बँकेत चिकटलो. तिथे तर काय, संध्याकाळी दहा रुपयांचा फरक आला तर मॅनेजरपासून शिपायापर्यंत कोणी घरी जात नसे.

आईच्या बाबतीतही दादाची आणि माझी हीच व्यवस्था. आई दादाकडे गावी, राजापूरच्या पुढे. मी पुण्याला. औषधं, दूध, किराणा, कामवाली असा महिन्याचा हिशेब दादाने कळवायचा आणि एक तारखेला मी त्याच्या बरोबर निम्मे पैसे पाठवायचे. रक्कम विषम आली तर वरचा रुपया माझा, कारण मी नोकरीवाला. एवढा उदारपणा माझ्यात आहे.

दादाकडे तेव्हा एक जिप्सी होती. मारुतीने 1985 साली ही गाडी आपल्याकडे आणली. सुझुकीच्या जपानी एसजे 410 ची ही धाकटी बहीण. दादाची 1989 सालची. म्हणजे 970 सी.सी.चं इंजिन आणि 45 घोडे, त्यांतले बरेच वयोमानाने पांजरपोळात गेलेले. वर ताडपत्रीचं छप्पर. बाहेर पाऊस सुरू झाला की दहा मिनिटांनी आत सुरू व्हायचा आणि बाहेरचा थांबला तरी आतला अर्धा तास चालायचा. तरी दादाचा तिच्यावर जीव. "चारही चाकं ओढतात हिची," हे वाक्य त्याने मला प्रत्येक गणपतीला ऐकवलं आहे.

2017 च्या जुलैत आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. राजापूरला डॉक्टर पंधरा दिवसांतून एकदा यायचे. तारीख चुकली की पुन्हा पंधरा दिवस. मी दोन दिवसांची रजा टाकून गेलो. सकाळी आईला स्टुलावर चढवून गाडीत बसवली आणि दादाला म्हटलं, "निम्मा रस्ता मी चालवतो, निम्मा तू." दादाने काही न बोलता किल्ली दिली. मोठा भाऊ काही बोलत नाही तेव्हा सावध राहावं, हे मला पंचेचाळिशी जवळ आली तरी कळलेलं नाही.

घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत दीडेक किलोमीटर तांबडी माती. पावसाळ्यात ती माती राहत नाही, श्रीखंड होते. वळणावर पुढचं डावं चाक कडेच्या गटाराकडे घसरलं, मागचं उजवं एका खड्ड्यात गेलं आणि गाडी थांबली. मी ऐटीत छोटा दांडा ओढून फोर-व्हीलमध्ये घातला, ॲक्सिलरेटर दाबला. मागचं उजवं चाक गरगर फिरलं. बाकीची तीन माझ्याकडे बघत राहिली.

"हब लावलेस?" दादाने विचारलं.

लग्नानंतर बायकोने विचारलेल्या कित्येक प्रश्नांप्रमाणे हा प्रश्नही मला कळला नाही. दादा भर पावसात उतरला. त्या जिप्सीच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध वाटीएवढी एक चकती होती. ती हाताने फिरवायची : एका बाजूला 'फ्री', दुसऱ्या बाजूला 'लॉक'. एरवी डांबरावर पुढची चाकं मोकळी ठेवायची, म्हणजे त्यांना जोडलेले दांडे, गिअर वगैरे मंडळी फुकट फिरत नाहीत, झीज वाचते, पेट्रोल वाचतं. पण फ्री असताना आत दांडा ओढला, तर पुढचा सगळा सरंजाम फिरतो आणि चाकं तेवढी फिरत नाहीत. आमच्या बँकेत हेड ऑफिसची परिपत्रकं अशीच यायची. सगळी यंत्रणा फिरायची, काउंटरवर काही पोचायचं नाही.

दादाने हब लॉक केले. आता मागच्या उजव्याबरोबर पुढचं डावंही गरगरायला लागलं. प्रगती होती, पण जागच्या जागी.

"चार चाकांची गाडी ना ही?" मागून आईने विचारलं. तिला एका डोळ्याने धूसर दिसत होतं, पण प्रश्न स्वच्छ होता.

आता आपणही काहीतरी करावं म्हणून मी उतरलो, कडेचे जांभ्याचे तुकडे गोळा केले आणि मागच्या डाव्या चाकाखाली नीट रचून दिले. ते चाक चांगलं कठीण जमिनीवर उभं होतं, आधार दिला तर जोरात ढकलेल असा माझा हिशेब. दादा खालूनच ओरडला, "अरे बाळ्या, त्याला काय कमी आहे? ते उभंच आहे. पडलेल्याला दे!"

मी बँकेतला माणूस. ज्याच्याकडे आहे त्यालाच द्यायचं, हे आमचं शिक्षण. पण माझे दगड उपसून दादाने गरगरणाऱ्या दोन चाकांखाली सारले, वर माडाच्या झावळ्या टाकल्या आणि म्हणाला, "हळू सोड क्लच." गाडी एक हुंदका देऊन वर आली. गंमत म्हणजे मदत दिली त्या दोघांना आणि जोर आला चौघांना.

डांबरी रस्ता लागल्यावर मी तसाच निघालो. पहिल्याच वळणावर स्टिअरिंग असं जड झालं की मला वाटलं कोणीतरी धरून बसलंय. "फोर-व्हील काढ," दादा म्हणाला, "डांबरावर नाही चालत ती." मग उरलेला निम्मा रस्ता त्यानेच चालवला, आणि खरं सांगायचं तर पहिला निम्माही.

दवाखान्याच्या बाकावर आम्ही बसलो. आईला आत नेलं होतं. अशा वेळी दोन भावांना बोलायला विषय लागतो आणि जो विषय खरा मनात असतो तो बोलता येत नाही. म्हणून मी विचारलं, "ते चाकांचं काय होतं रे?" दादाने माझ्या खिशातलं बँकेचं पेन घेतलं आणि औषधाच्या बिलामागे चित्र काढलं.

वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी. म्हणून दोघांना वेगवेगळं फिरू देणारा एक डबा मध्ये बसवतात, तो डिफरन्शियल. पण तो एका बाबतीत फार काटेकोर. जोर दोघांना सारखाच वाटतो. आता एक चाक चिखलात असलं की त्याला फारसा जोर पेलतच नाही, गरगरायला लागतं. त्याला समजा दोन शेर पेलला, तर कठीण जमिनीवर उभ्या असलेल्या त्याच्या भावालाही डबा दोनच शेर देतो. तो बिचारा वीस शेर ओढायला तयार असला तरी. जिप्सीला असे डबे दोन, एक पुढे, एक मागे. म्हणून पुढचं एक आणि मागचं एक घसरलं की चार चाकांचा कारभार आटोपला.

"म्हणजे फिफ्टी-फिफ्टी वाईट?" मी दुखावल्या स्वरात विचारलं.

"ऐक तर. पुढचा भाग आणि मागचा भाग यांच्यामध्ये हिला डबाच नाही. दांडा ओढलास की पुढचं-मागचं सरळ एकमेकांना जखडलं जातं. तिथे निम्मे-निम्मे असतात ते फेरे, जोर नाही. मागचा भाग चिखलात असला तर जवळजवळ सगळा जोर पुढे जातो. ज्याचे पाय जमिनीवर, त्याने ओढायचं."

हे मला एकदम समजलं, कारण हे मस्टर होतं! आमच्या शाखेत दोन काउंटर. दोघेही दहाला सही करणार, पाचला उठणार, फेरे सारखे. पण काम? ते, ज्याची जमिनीवर पकड आहे तो करणार. (दुसरा मी नव्हे, हे नम्रपणे नमूद करतो.) उलट डिफरन्शियलचा कायदा लावला, तर आळशी कारकून जेवढी व्हाउचरं काढील तेवढीच कष्टाळूला द्यायची. तसं झालं तर बँक दुपारी बारालाच बुडेल.

मग डांबरावर काय बिघडलं? मी बिलाच्या उरलेल्या जागेत आकडेमोड केली. पुढच्या-मागच्या चाकांत अंतर साधारण 2.4 मीटर. मागची चाकं 5 मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरली, तर पुढची साडेपाचच्या फिरणार. एका फेरीत फरक जवळजवळ साडेतीन मीटर! आणि फेरे तर सारखेच जखडलेले. हा फरक कुठे वळता करायचा? चिखलात चाकं थोडी घसरून तो माफ करतात. कोरडं डांबर दमडी सोडत नाही, मग तो गिअरवर आणि टायरवर नावे पडतो. साडेतीन मीटरचा फरक असताना गाडी घरी जाते, हे मला कारकून म्हणून फार लागलं.

दादाला चढली होती. जुन्या मोटारींच्या मासिकांची रद्दी त्याने वर्षानुवर्षं जमवलेली. म्हणाला, इटलीच्या फियाटने 1983 साली पांडाचं चारही चाकं ओढणारं मॉडेल काढलं. 965 सी.सी.चं इंजिन, तेही आडवं, आणि मागच्या चाकांची यंत्रणा ऑस्ट्रियाच्या श्टायर-पुखची. तिथेही दांडा ओढायचा आणि जखडायचं, मध्ये डबा नाही. डोंगरातले लोक असल्या पिटुकल्या गाडीतून बर्फात फिरत.

"आणि दांडा ओढायचा विसरणारे?" मी.

"तुझ्यासारख्यांसाठी फोक्सवागनने 1986 ला गोल्फ सिंक्रो काढली." तिच्यात मध्ये एक बंद पिंप. आत भोकं पाडलेल्या चकत्यांची चळत, एक पुढच्या चाकांची, एक मागच्यांची, अशा आलटून-पालटून, आणि भोवती दाट सिलिकॉनचं तेल. नेहमी ओढतात पुढची चाकं. दोन्हीकडचे फेरे सारखे असतील तोवर पिंप स्वस्थ. पुढची घसरून जास्त फिरायला लागली की चकत्या तेल घुसळतात, तेल तापतं, फुगतं, चकत्या एकमेकींना धरतात आणि जोर आपोआप मागे जातो. कोणी दांडा ओढत नाही, उतरत नाही. फक्त एवढंच की आधी थोडं घसरावं लागतं, तेव्हा कुठे तापतं.

मी गप्प झालो. पुण्याहून मला कधी तापायला झालं होतं? आई बाथरूममध्ये घसरली होती तेव्हा मी त्या महिन्याचे निम्मे पैसे एक दिवस आधी पाठवले होते. रात्री तीनदा उठून तिला कोण नेतं, ते हिशेबात कधी आलंच नव्हतं. दादाने त्याचं व्हाउचर कधी लावलं नाही, म्हणून मी पास केलं नाही.

"दादा, रात्री उठवते का रे आई?"

"उठवते," तो बिलावरचं चित्र पुन्हा गिरवत म्हणाला, "पण तुझ्या वहिनीची झोप सावध आहे."

एवढ्यात आईला बाहेर आणली. डोळ्यावर पांढरी पट्टी आणि चेहऱ्यावर समाधान, वेळेत पोचल्याचं. नर्सने दुसऱ्या डोळ्याची महिन्यानंतरची तारीख सांगितली. आईने एका डोळ्याने आम्हा दोघांकडे नीट पाहिलं.

"हा डोळा दादाचा झाला," ती म्हणाली, "आता डावा तुझा. निम्मं निम्मं."

परतताना तांबडी माती लागायच्या आधी मी गाडी थांबवायला सांगितली, उतरलो आणि दोन्ही हब स्वतः फिरवले. एक उलटा फिरवला होता, तो दादाने नंतर नीट केला. पुण्याला आल्यावर दुसऱ्याच दिवशी रजेचा अर्ज टाकला, दोन नव्हे, आठ दिवसांचा. मॅनेजरसाहेबांनी चष्मा वर करून विचारलं, "कारणाच्या रकान्यात हे काय लिहिलंय? 'आईचा डावा डोळा आणि फोर-व्हील ड्राइव्ह'?"

आठातले सहा दिवस मंजूर झाले.