आवाज बंद

रात्री झोप लागली नाही की मी कधीच्याच मरून गेलेल्या माणसांचे नाच बघत बसते. हे ऐकायला विचित्र वाटतं, मान्य. घरी सांगितलं तर आई आधी फोन काढून घेईल.

सुरुवात झाली कार्मेन्सितापासून. मार्च १८९४, अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधलं वेस्ट ऑरेंज. तिथे एडिसनच्या माणसांनी फिल्म काढण्यासाठी एक खोपट उभं केलं होतं. बाहेरून डांबरी कागद, वरचं छप्पर उघडणारं आणि अख्खं खोपट रुळावर फिरणारं, कारण ऊन जिकडे सरकेल तिकडे त्यालाही वळावं लागायचं. 'ब्लॅक मारिया' म्हणायचे त्याला. न्यूयॉर्कमध्ये नाव कमावलेली ही स्पॅनिश नर्तकी तिथे आली आणि जेमतेम वीस सेकंद नाचली. गिरकी घेताना झग्याचा घेर उडतो, ती हसते. पण हसते कुणाकडे बघून? समोर प्रेक्षक नाहीत. कॅमेरा चालवणारे दोन-चार बाप्ये असतील, बस. तरी चेहऱ्यावर भरलेल्या थिएटरासाठीचं हसू आहे. मी तिथेच अडकले.

मग ओळीने सगळे बघितले. दंडाच्या बेटकुळ्या दाखवणारा सँडो. अ‍ॅनाबेल, जिच्या उडणाऱ्या कापडावर कुणीतरी एकेका चौकटीत हाताने रंग भरलाय, तो कडेबाहेर सांडतो आणि त्यामुळेच ती पेटल्यासारखी दिसते. हे सगळं तेव्हा पडद्यावर नव्हतंच. एका लाकडी खोक्याला भोक असायचं, त्याला डोळा लावून एका वेळी एकानेच बघायचं. एप्रिल १८९४मध्ये न्यूयॉर्कला अशा खोक्यांचं दुकान उघडलं, पाच फिल्म्सना पंचवीस सेंट. म्हणजे आपण पांघरुणात मान खाली घालून एकटेच बघतो, तसंच काहीसं.

नर्तकींचं एक बरं आहे, त्यांना शब्द लागत नाहीत. खरी पंचाईत नटांची. १८९९मध्ये लंडनला हर्बर्ट बीअरबोम ट्री या मोठ्या नटाने शेक्सपिअरच्या 'किंग जॉन'मधले काही प्रवेश कॅमेऱ्यापुढे केले. त्यातला फक्त मरणाचा प्रवेश उरलाय. खुर्चीत बसलेला राजा विषाने तळमळतोय, छाती धरतोय, तोंड उघडतंय, आवाज नाही. हे बघून मित्र हसला होता, "किती ओव्हरअ‍ॅक्टिंग." अरे बाबा, तो शेवटच्या रांगेतल्या माणसासाठी मरतोय! तो माणूस तेवढा फ्रेममध्ये नाही.

आणि सारा बर्नहार्ट. १९००चं पॅरिसचं प्रदर्शन, त्यासाठी काढलेली हॅम्लेटच्या तलवारबाजीची फिल्म. हॅम्लेट झालेली ही बाई तेव्हा पंचावन्नच्या आसपास होती. पॅरिस तिच्या आवाजावर फिदा होतं, 'सोन्याचा आवाज' म्हणायचे. त्या आवाजाच्या बाईची आपल्याला दिसते ती मुकी तलवारबाजी. दोन मिनिटंसुद्धा नाही.

मी हे का बघते, ते आता सांगायला हवं.

माझे आजोबा सिंधुदुर्गात दशावतारात काम करायचे. स्त्रीपार्ट. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. कथा ठरते, पेटी-पखवाज-झांज लागते आणि नट उभ्या उभ्या बोलत जातो. आजोबांची तारामती रडली की बाया पदर तोंडात धरायच्या, असं आत्या सांगते. मी बघितली नाही. सुट्टीत गावी गेले तरी रात्रभर जागायचा कंटाळा यायचा, आणि खरं सांगायचं तर लाजही वाटायची. शाळेत कुणी विचारलं तर 'आजोबा शेती करतात' म्हणायचे. तेही खोटं नव्हतं.

२०१८च्या मे महिन्यात, गुडघ्यांमुळे त्यांचं काम सुटून बरीच वर्षं झाल्यावर, मी खळ्यात त्यांना म्हटलं, "आजोबा, तारामती करा ना, व्हिडिओ काढते. कॅमेऱ्याकडे बघू नका फक्त."

"कॅमेऱ्याक नको, मगे बघू खंय?"

खांद्यावरचा पंचा डोक्यावरून घेतला आणि लुंगी-बनियनमधला शहात्तर वर्षांचा म्हातारा बाई झाला. एकतीस सेकंद. मी त्यावर ट्रेंडिंग गाणं लावलं, स्टेटस ठेवलं, बदामांचा पाऊस पडला. फोनची मेमरी भरली होती म्हणून मूळ व्हिडिओ उडवला. पुढच्या वर्षी आजोबा गेले.

आता माझ्याकडे आहे ती गाणं लावलेली प्रत. त्याखालचा आवाज परत येत नाही, दोन जाणकारांना विचारून झालं. ते गाणं ऐकवत नाही म्हणून मी आवाज बंद करूनच बघते.

१९१२मध्ये मूळच्या मालवणकडच्या दादासाहेब तोरण्यांनी एका संगीत मंडळीचं 'पुंडलिक' नाटक कॅमेऱ्यासमोर उभं केलं, १८ मेला ते गिरगावात कोरोनेशनमध्ये दाखवलं. संगीत नाटक आणि मुकं! पूर्वी मला याचं हसू यायचं. आज त्याची फिल्मही उरलेली नाही, आणि आता हसू येत नाही. निदान ट्रीची तळमळ तरी दिसते.

मुक्या फिल्म्स बघून एक सवय लागली. बोलणं गेलं की इतर गोष्टी दिसायला लागतात. आजोबांच्या व्हिडिओत विसाव्या सेकंदापर्यंत तारामती आहे, हात कोपरापासून नाही, खांद्यापासून उठतोय, वडाखाली बसलेल्या शेवटच्या माणसासाठी. चोविसाव्या सेकंदाला पंचा घसरतो. ते तो सावरतात, बाईसारखा नाही, बाप्यासारखा. आणि थेट माझ्याकडे बघून काहीतरी बोलतात. दोन शब्द असावेत.

पहिल्या शब्दाला ओठ मिटतात. म्हणजे प, ब किंवा म. बाबा म्हणतात, "पुरे आता" असणार, दमले होते. मला वाटतं, "बरा झाला?" असं विचारतायत. उत्तर मी काय दिलं, तेही गाण्याखाली गेलं.

गणपतीत आत्याला दाखवलं. तिने चष्मा लावला, फोन डोळ्यांजवळ नेला.

"परत लाव," म्हणाली. "नाय, आधीपासून नको. पंचा पडता थयसून."