ईलिंग रोडवरची भांडणे

रविवारी वेम्बलीच्या ईलिंग रोडला भाजीला जावे तर फूटपाथवर भाजीची खोकी आणि रस्त्यात गाड्यांची रांग. मोटारवाला म्हणतो, सायकलवाले सिग्नल पाळत नाहीत. सायकलवाला म्हणतो, तुम्ही आरशात बघत नाही. आम्ही काठीवाले दोघांनाही बोल लावतो!

२९ जानेवारी २०२२ पासून इथल्या हायवे कोडमध्ये बदल झाला. ज्याच्या हातून जास्त इजा होऊ शकते, त्याने जास्त जपायचे. आधी लॉरी, मग मोटार, मग सायकल. वळणाऱ्या गाडीने नाक्यावर रस्ता ओलांडायला थांबलेल्यालाही आधी जाऊ द्यायचे. म्हणून बाकीच्यांची जबाबदारी सुटली असे नाही. फूटपाथवर सायकल चालवायला १८३५ च्या कायद्यानेच बंदी आहे.

आपल्याला हे नवे नाही. तोरामध्ये, देवारिमच्या २२ व्या अध्यायात, नव्या घराच्या धाब्याला कठडा बांधायची आज्ञा आहे. कोणी पडले तर दोष घरवाल्याचा. कठडा आधी बांधायचा, भांडण मागाहून. आम्ही नर्सिंगमध्ये जन्म काढला. चूक कोणाची, हे ठरल्याने एकही जखम भरली नाही.

मुलांनो, तुमचा कठडा सोपा आहे. गाडीचे दार लांबच्या हाताने उघडा. डावीकडे बसलात तर उजव्या हाताने. अंग आपोआप वळते आणि मागून येणारी सायकल दिसते. कोडच्या २३९ व्या नियमातही हेच सांगितले आहे. आजी-आजोबांनाही शिकवा. शालोम.