मामाची जीप आणि पॉवर ब्रेक

आमच्या मामाची जिंतूरची शेती आणि १९८९ सालची डिझेल जीप, दोन्ही त्याला जिवापाड प्रिय. जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक. ओढ्यातून गाडी काढली की ड्रम ओले, आणि पुढे काही वेळ सगळं रामभरोसे!

"मामा, पुढे डिस्क बसवू." इंजिनिअर भाच्याचा उत्साह, दुसरं काय. (डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी सॉफ्टवेअरची, तो विषय वेगळा.)

परभणीचे मिस्त्री हसले. म्हणाले, "बसंल की. पण मालकाचा पाय दुखंल."

त्याचं असं आहे मंडळी, ड्रम फिरताना पुढचा ब्रेक शू स्वतःबरोबर ओढून घेतो, त्यामुळे ब्रेक आपोआप जास्त आवळला जातो. डिस्कला ही फुकटची मदत नाही. पॅड दोन्ही बाजूंनी सरळ दाबायचे, म्हणजे जोर जास्त हवा. म्हणून बूस्टर. बूस्टरला हवा व्हॅक्यूम. पेट्रोल इंजिनात तो आयता मिळतो. जुन्या डिझेलला थ्रॉटलच नाही, मग व्हॅक्यूम कुठला? म्हणून पंपवाला अल्टरनेटर. शिवाय मास्टर सिलिंडरही बदला. एक पॅकेज अपडेट करायला जावं आणि पाच डिपेन्डन्सी निघाव्यात, तसं झालं!

पण काम झकास झालं. १९५३ साली ल मान्सची शर्यत जॅग्वारने डिस्क ब्रेकवर जिंकली होती. आमच्या जीपला हा मान मिळायला सत्तरेक वर्षं लागली, एवढंच.

येलदरी धरण बघून परत येताना उतार लागला. मामाने सवयीने गाडी न्यूट्रल केली आणि इंजिन बंद. तीस वर्षं असंच डिझेल वाचवलंय त्याने. पहिला ब्रेक मस्त लागला. दुसरा जड. तिसऱ्याला पेडल म्हणजे दगड! इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आणि बूस्टरमधला साठा दोन-तीन दाबांत संपतो. समोर उसाची ट्रॉली. मामा अक्षरशः पेडलवर उभा राहिला. गाडी थांबली तेव्हा मध्ये हातभर अंतर होतं.

"कामून रे? नवा ब्रेक चांगला हाय म्हणलास ना?"

काय बोलणार? व्हॅक्यूमचं गणित मी मिस्त्रींशी बोललो, आईला सांगितलं, ऑफिसातही ऐकवलं. जो गाडी चालवणार त्यालाच सांगायचं राहिलं. ब्रेक बदलला, पण मामाची सवय जुन्या ब्रेकचीच होती.

आता डॅशबोर्डवर चिठ्ठी आहे: 'उतारावर इंजिन बंद करू नये.' मामा पाळतो. फक्त दर रविवारी फोनवर ऐकवतो, "तुझ्या ब्रेकनं डिझेल लई खायलंय बघ!"